हिरवा, पिवळा, लाल: छोट्या फोर बाय फोरच्या मीटरवरचे दिवे

जूनचा पहिला जोराचा पाऊस झाला की आंबोली, ताम्हिणी, वरंध या घाटांत छोट्या फोर बाय फोर गाड्या दिसू लागतात. पूर्वी अशी गाडी बाळगणारे लोक ठरलेले असत: लष्कर, वनखातं, पोलीस, डोंगरातले बागायतदार आणि रॅलीचे हौशी चालक. १९८५ साली आलेली मारुतीची जिप्सी या मंडळींनी तीन दशकं वापरली. तिच्यात ना एबीएस होतं, ना ईएसपी. त्यामुळे चाकांच्या पकडीबद्दल मीटरवर वाचायला फारसं काही नसे. गाडी अडकली की खाली उतरायचं, चाकं बघायची आणि दांडा ओढायचा. जून २०२३मध्ये पाच दारांची जिम्नी आली आणि गिऱ्हाईक बदललं. शहरात वाढलेला, ट्रान्सफर केसचा दांडा आयुष्यात पहिल्यांदा हातात धरणारा माणूस आता अशी गाडी घेतो. त्याच्या डोळ्यांसमोर हिरवे, पिवळे, लाल दिवे लागतात, लुकलुकतात, विझतात, आणि त्यांतला कुठला कौतुकाचा नि कुठला काळजीचा हे त्याला कुणी नीट सांगितलेलं नसतं.

पावसाळ्यात ओळखीच्या गॅरेजात तासभर बसलं तरी याचा प्रत्यय येतो. कुणी म्हणतो, “फोर-एलला टाकली की पिवळा दिवा लागतो, बंद होतच नाही.” कुणाचा हिरवा दिवा नुसता लुकलुकतो. कुणाच्या मीटरवर एकदम चार दिवे लागलेत आणि सगळी गाडीच गेली असं समजून तो घाबरलाय. तिघांच्या तक्रारी वरवर सारख्या वाटतात, पण पहिल्याचं काहीही बिघडलेलं नाही, दुसऱ्याची बहुधा एखादी नळी फाटली आहे आणि तिसऱ्याच्या एका चाकाची वायर तुटली असण्याचा संभव मोठा आहे. मी इथे जिम्नी मध्यभागी ठेवून या सगळ्या दिव्यांचा आढावा घेतो आहे, कारण तिची रचना सरळ आहे आणि ती समजली की बाकीच्या गाड्या समजायला वेळ लागत नाही. सांगायचं मुख्य एवढंच आहे: मीटरवरचा दिवा यंत्रणा कुठल्या स्थितीत आहे ते सांगतो, चाकाखालच्या जमिनीत पकड आहे की नाही ते सांगत नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाली की माणूस एकतर विनाकारण घाबरतो, नाहीतर विनाकारण निर्धास्त होतो.

रंगांचा नियम जगभर जवळपास एकच आहे. लाल म्हणजे धोका, आत्ताच लक्ष द्या. पिवळा म्हणजे सावध राहा, लवकर तपासून घ्या. हिरवा म्हणजे अमुक यंत्रणा चालू आहे. निळा हेडलाइटच्या अप्परसाठी राखलेला. चिन्हं कशी असावीत हे आयएसओ २५७५ या मानकात ठरलेलं आहे. आपल्याकडे त्यासाठी एआयएस-०७१ हे मानक आहे आणि ही एआयएस मानकं पुण्याच्या वेताळ टेकडीवरची एआरएआय ही संस्था प्रसिद्ध करते. पण मानकाचं काम चिन्हाची ओळख पटवण्यापुरतं असतं. एकाच चिन्हाचं लुकलुकणं आणि स्थिर लागणं यांतला फरक कंपनीचं मॅन्युअल सांगतं, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो.

चावी फिरवून किंवा बटण दाबून इग्निशन ऑन करा, पण इंजिन सुरू करू नका. मीटरवर सगळे दिवे एकदम लागतात: एबीएसचा गोल, घसरणाऱ्या गाडीचं चिन्ह असलेला ईएसपीचा पिवळा, फोर-डब्ल्यूडीचा हिरवा, ब्रेकचा लाल, एअरबॅगचा, इंजिनचा. काही सेकंदांत त्यांतले बरेचसे विझतात आणि उरलेले इंजिन सुरू झाल्यावर जातात. ही दिव्यांची स्वतःची तपासणी असते. बहुतेक चालक या वेळी सीटबेल्ट लावत असतात किंवा मोबाइल जोडत असतात. तिकडे बघा. जो दिवा या वेळी लागतच नाही तो पुढे कधीही इशारा देणार नाही. जुनी फोर बाय फोर घेणाऱ्याने तर हे डोळ्यांत तेल घालून बघावं. एबीएस बिघडलेल्या गाडीतला तो दिवा काढून टाकणं किंवा त्याची वायर दुसऱ्या दिव्याला जोडून देणं हा सेकंडहँड बाजारातला ठाऊक असलेला प्रकार आहे. दोन दिवे एकाच क्षणी लागत आणि एकाच क्षणी विझत असतील तर शंका घ्या.

आता हिरव्या फोर-डब्ल्यूडी दिव्याकडे वळू. जिम्नी ही पार्ट-टाइम फोर बाय फोर आहे. एरवी ती टू-एचमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर चालते. दांडा फोर-एचला ओढला की ट्रान्सफर केस पुढच्या एक्सेललाही ताकद देते. फोर-एलमध्ये तेच होतं, पण गियरचं गुणोत्तर सुमारे दुप्पट होतं, त्यामुळे गाडी हळू आणि जोरदार चालते. टू-एचमधून फोर-एचला जाताना थांबावं लागत नाही. वेग ताशी १०० किलोमीटरच्या आत आणि चाकं सरळ असली की पुरे. फोर-एलसाठी मात्र गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून किंवा ऑटोमॅटिक न्यूट्रलला ठेवून दांडा खाली दाबावा लागतो.

दांडा फोर-एचला गेला म्हणजे लगेच चारही चाकं जुंपली गेली असं होत नाही. टू-एचमध्ये असताना पुढची चाकं आपल्या एक्सेलपासून सुटी असतात, म्हणजे इंधन वाचतं आणि पुढचे शाफ्ट उगाच फिरत नाहीत. ती जोडण्याचं काम हबमध्ये होतं. अनेक जुन्या गाड्यांत यासाठी पावसात खाली उतरून दोन्ही हब हाताने फिरवावे लागत. सुझुकीने ते काम इंजिनच्या व्हॅक्यूमवर सोपवलं आहे. दांडा हलला की व्हॉल्व उघडतो, रबरी नळ्यांतून हबपर्यंत व्हॅक्यूम पोहोचतं आणि आतला दातेरी भाग सरकून चाक एक्सेलला जोडलं जातं. एवढं होईपर्यंत हिरवा दिवा लुकलुकतो आणि जोडणी पुरी झाली की स्थिर होतो. तेव्हा क्षणभराचं लुकलुकणं म्हणजे “थांब, जुळतंय” इतकंच. पाय ॲक्सिलरेटरवरून थोडा हलका केला आणि स्टिअरिंग सरळ ठेवलं की दात लवकर जुळतात.

तो लुकलुकतच राहिला तर मात्र विचार करायला हवा. या गाड्यांत संशय पहिल्यांदा त्या नळ्यांवर जातो. चाकाच्या मागे, चिखल नि दगडांच्या माऱ्यात त्या असतात. रबर कडक होऊन तडकतं, एखादी नळी निसटते, पाण्यात गाडी घातल्यावर आत पाणी शिरतं. मग व्हॅक्यूम हबपर्यंत पोहोचत नाही आणि दांडा फोर-एचला असूनही गाडी मागच्याच दोन चाकांवर ढकलत राहते. चालकाला वाटतं फोर बाय फोर लावूनही गाडी निघत नाही, म्हणजे चिखलच भयंकर आहे. लुकलुकणारा दिवा त्याला तेवढा वेळ खरं सांगत असतो. इथे लगेच ट्रान्सफर केस उघडायला देऊ नका. आधी नळ्या हाताने चाचपून बघायला सांगा. त्या नळ्यांची किंमत किरकोळ असते, केस उघडण्याचं बिल तसं नसतं.

दुसरी तक्रार उलटी असते: दांडा टू-एचला आणला तरी हिरवा दिवा जात नाही. याचं मूळ बहुतेक वेळा डांबरी रस्त्यावर असतं. वळण घेताना पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, म्हणजे त्यांना जास्त अंतर कापावं लागतं. पार्ट-टाइम गाडीत पुढच्या आणि मागच्या एक्सेलच्या मध्ये हा फरक सोसणारा डिफरन्शियल नसतो. चिखलात, वाळूत, ओल्या गवतावर चाक थोडं घसरून हिशेब चुकता करतं. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग ताण शाफ्ट आणि गियरांमध्ये साठतो. स्टिअरिंग जड होतं, गाडी वळणात अडखळते आणि दांडा जागचा हलत नाही. दांडा हलला तरी आतले दात ताणामुळे एकमेकांत रुतून राहतात, म्हणून दिवा लागलेलाच असतो. उपाय सोपा आहे. सरळ रस्त्यावर काही मीटर रिव्हर्स घ्या, स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवा. साठलेला ताण सुटतो आणि दिवा आपोआप विझतो. दांड्यावर जोर करू नका. आणि कोरड्या डांबरावर फोर-एच लावूच नका, घाट कितीही वळणावळणाचा असला तरी.

या ताणात टायरांचाही मोठा हात असतो. जिम्नीचा टायर १९५/८० आर १५ या मापाचा, म्हणजे व्यास सुमारे ६९३ मिलीमीटर. हौसेने बरेच जण २१५/७५ आर १५ बसवतात, त्याचा व्यास सुमारे ७०३ मिलीमीटर. फरक दीड टक्क्याचा. चारही बदलले तर चाकं आपसांत समान राहतात, फक्त स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा किंचित कमी वेग दाखवतो. पण पैसे वाचवायला दोनच बदलले तर फोर-एचमध्ये सरळ रस्त्यावरही दर किलोमीटरला सुमारे पंधरा मीटरचा फरक पडतो आणि तो सगळा गियरांना सोसावा लागतो. मोठे टायर न घेताही हे घडू शकतं. नव्या टायरची नक्षी आठ मिलीमीटर खोल धरली आणि झिजलेल्याची तीन, तर व्यासातला फरक दहा मिलीमीटर, म्हणजे तेवढाच. दोन नवे, दोन जुने टायर असलेली पार्ट-टाइम गाडी म्हणूनच मला पटत नाही. पंक्चर झाल्यावर कधीही न वापरलेली स्टेपनी लावून फोर-एचमध्ये लांब जाणंही नको.

सगळ्यांत जास्त गोंधळ उडतो तो फोर-एलमधल्या पिवळ्या दिव्याचा. जिम्नी फोर-एलला गेली की ईएसपी ऑफचा दिवा आपोआप लागतो. कुठलंही बटण दाबलेलं नसतं, म्हणून चालकाला वाटतं काहीतरी बिघडलं. हे असं का ठेवलं आहे ते समजायला ईएसपी काय करतं हे पाहावं लागेल. बॉश आणि मर्सिडीझ यांनी १९९५ साली ही यंत्रणा मोटारींत आणली, तीही १९७८च्या एबीएसच्या पायावर. चारही चाकांचे वेग, स्टिअरिंगचा कोन आणि गाडी स्वतःभोवती किती फिरते आहे हे सतत मोजलं जातं. चालकाला जायचंय एकीकडे आणि गाडी चाललीय दुसरीकडे असं दिसलं की एखाद्या चाकाचा ब्रेक लावला जातो आणि इंजिनची ताकद कमी केली जाते. ओल्या घाटात, वेगात, हे जीव वाचवणारं काम आहे. पण चिखलाच्या चढावर चाकं फिरणं हाच पुढे जाण्याचा मार्ग असतो. तिथे इंजिनची ताकद काढून घेतली तर गाडी अर्ध्यात मरते आणि मग मागे घसरते. म्हणून फोर-एलमध्ये ती कपात बंद ठेवलेली असते आणि दिवा तेवढंच कळवतो. फोर-एचमध्ये चिखलातून गती धरून जायचं असेल तेव्हा चालकाने स्वतः बटण दाबून ईएसपी बंद करावं आणि पक्क्या रस्त्यावर येताच पुन्हा चालू करावं. फोर-एलमधून फोर-एचला आल्यावर तो दिवा विझला की नाही हे बघण्याची सवय लावून घ्या.

ईएसपी बंद असलं तरी ब्रेक एलएसडी म्हणवणारा भाग फोर-एलमध्ये काम करत राहतो, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. देवगड तालुक्यात कलमांच्या बागेत जाणाऱ्या एका पाणंदीवर हे जवळून बघायला मिळालं. पावसाने माती वाहून गेलेली, खाली जांभ्याचा उघडा कातळ, मध्ये गुडघाभर घळ. गाडीचं पुढचं डावं चाक हवेत आणि मागचं उजवंही. चालवणाऱ्या बागायतदाराने ॲक्सिलरेटर दिला तशी हवेतली दोन्ही चाकं भणाणली, जमिनीवरची ढिम्म. मग चाकांकडून खटखट, करकर असा आवाज सुरू झाला. त्यांनी घाबरून पाय काढला. “ही मोडतली की काय?” त्यांनी विचारलं. “पाय काढू नकात, तसोच धरा,” मी म्हटलं. आवाज पुन्हा सुरू झाला. हवेतलं चाक फिरायचं, अडायचं, फिरायचं, अडायचं. दोन-तीन सेकंद काहीच झालं नाही आणि मग गाडी कातळावर अलगद चढली. तो आवाज ब्रेकचा होता. फुकट फिरणाऱ्या चाकाला यंत्रणा ब्रेक लावते, तेव्हा डिफरन्शियलमधून ताकद पलीकडच्या चाकाकडे जाते. चालकाने पाय काढला की ताकदच संपते. पाय एकसारखा धरून ठेवणं हेच तिथलं कौशल्य. मीटरवर त्या सगळ्या वेळात ईएसपी ऑफचा पिवळा दिवा लागलेला होता आणि तो लागलेलाच असायला हवा होता.

घसरणाऱ्या गाडीचं चिन्ह असलेला दिवा वेगळा. तो भराभर लुकलुकत असेल तर ईएसपी आत्ता काम करतंय. चाक घसरलं होतं, ते सावरलं जातंय. तो दिवा बिघाडाचा नसून इशारा आहे की आपला वेग रस्त्याला झेपत नाही. ओल्या घाटात तो वारंवार लुकलुकू लागला तर गाडीला दोष न देता वेग उतरवावा. तोच दिवा स्थिर लागून राहिला तर यंत्रणेत बिघाड आहे आणि ती झोपली आहे. गाडी चालते, साधे ब्रेक लागतात, पण सावरणारं कुणी नाही. उतारावर वेग धरणाऱ्या हिल डिसेंटच्या दिव्याचं लुकलुकणं मात्र कंपनीगणिक वेगळं बोलतं. काही गाड्यांत ते काम चालू असल्याची खूण असते, काहींत ते काम करू शकत नसल्याची, म्हणजे ब्रेक तापलेत किंवा अटी पुऱ्या नाहीत. लांबलचक कच्च्या उतारावर हा फरक कळायलाच हवा. तेवढं एक पान मॅन्युअलमधून वाचूनच उताराला लागावं.

आता एकदम चार दिवे लागल्याची गोष्ट. एबीएस, ईएसपी, हिल होल्ड आणि क्वचित फोर बाय फोरचाही इशारा एकाच वेळी येतो तेव्हा चार वस्तू बिघडलेल्या नसतात. त्या सगळ्यांना माहिती पुरवणारी एकच वस्तू गेलेली असते, आणि ती बहुधा चाकाच्या वेगाचा सेन्सर. चार चाकांवर चार सेन्सर. एकाने चुकीचा आकडा दिला की एबीएसला काय करावं कळत नाही, ते स्वतःला बंद करतं आणि त्याच्या भरवशावर चालणाऱ्या बाकीच्या यंत्रणाही मागोमाग बंद होतात. एप्रिल २०१९पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे हे सेन्सर आता प्रत्येक छोट्या गाडीत आहेत. पण फोर बाय फोरचं आयुष्य अधिक खडतर. चिखल सेन्सरच्या तोंडाशी घट्ट बसतो, काटेरी झुडपात वायर खरचटते, दगड उडून क्लिप तुटते. समुद्राच्या खाऱ्या पाण्याने कनेक्टर हिरवा पडतो. किनाऱ्यावर गाडी घालू नये यामागे किनाऱ्याचं रक्षण हे मोठं कारण आहेच, गाडीच्या मालकालाही त्याची किंमत काही महिन्यांनी मोजावी लागते.

चिखलातून बाहेर आल्यावर हे दिवे लागले तर आधी चाकांच्या आतल्या बाजूला भरपूर पाणी मारा, थोडं अंतर चालवा, गाडी बंद करून पुन्हा सुरू करा. बऱ्याचदा तेवढ्यानं काम होतं. बॅटरी काढून बसवल्यावर लागलेले दिवेही अनेकदा असेच जातात, कारण स्टिअरिंग सरळ कुठे आहे ही आठवण पुसलेली असते आणि सरळ चालवल्यावर ती परत येते. दिवे हटले नाहीत तर स्कॅनर लावावा लागेल. बाजारात मिळणारे स्वस्त ओबीडी रीडर बहुतेक इंजिनचेच कोड वाचतात. एबीएस-ईएसपीचे कोड सी या अक्षराने सुरू होतात आणि त्यासाठी ते वाचू शकणारं यंत्र लागतं. कुठल्या चाकाचा कोड आला ते मालकाने स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. सेन्सर बदला असं कुणी म्हटलं तर आधी वायर नि कनेक्टर तपासला का हे विचारावं. नुकतंच व्हील बेअरिंग बदललं असेल तर संशय त्या कामावर घ्यावा. काही बेअरिंगमध्ये सेन्सर वाचतो ती चुंबकीय कडी असते आणि बेअरिंग उलट बसलं तर सेन्सरला ती दिसतच नाही.

या दिव्यांत एक जोडी अशी आहे की तिथे थट्टा नाही. एबीएसच्या पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवा लागला तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकची ताकद वाटून देणारी यंत्रणाही गेलेली असू शकते. मग जोरात ब्रेक मारताना मागची चाकं आधी लॉक होतात आणि हलक्या, आखूड गाडीचा मागचा भाग फिरतो. घाटात हे झालं तर वाचणं अवघड.

जिम्नीबाहेर नजर टाकली तर तीन प्रकार दिसतात. नाशिकला बनणारी थार, २०२०च्या नव्या रूपात, जिम्नीसारखीच पार्ट-टाइम आहे. तिच्या काही मॉडेलांत मागचा डिफ यांत्रिक पद्धतीने आपोआप लॉक होतो, चालकाने काही करायचं नसतं आणि त्यासाठी मीटरवर दिवाही लागत नाही. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखात पुढचा आणि मागचा डिफ चालक स्वतः लॉक करतो. हाताने लॉक होणाऱ्या डिफच्या दिव्याचा अर्थ बहुतेक गाड्यांत असा: लुकलुकतोय म्हणजे लॉक जुळायचा आहे, स्थिर म्हणजे जुळला. तो लागलेला असताना वळू नये आणि डांबरावर तर मुळीच येऊ नये. तिसरा प्रकार ग्रँड व्हिटारा किंवा पूर्वीच्या डस्टरच्या ऑल व्हील ड्राइव्हचा. तिथे दांडा नसतो, नॉब असतो, आणि मागच्या चाकांना ताकद द्यायची की नाही हे विजेवर चालणारा क्लच ठरवतो. अशा गाडीत लॉकचा दिवा लागला तरी ते लॉक यांत्रिक नव्हे. वाळूत किंवा चिखलात चाकं फार वेळ फिरली की तो क्लच तापतो, यंत्रणा त्याला वाचवायला मागची ताकद सोडून देते आणि मीटरवर इशारा येतो. तेव्हा गाडी सुरू ठेवून थांबायचं, क्लच थंड होऊ द्यायचा. आणखी ॲक्सिलरेटर दिला तर गाडी तिथेच राहते आणि खर्च वाढतो. खडतर वाटेवर नेहमी जाणाऱ्याने दांडा असलेली गाडी घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे दिवा सांगतो ते गियरांत खरोखर घडलेलं असतं.

कंपन्यांना दोष द्यायचा तो एका गोष्टीसाठी. ईएसपी फोर-एलमुळे आपोआप बंद झालं, चालकाने बटण दाबून बंद केलं की यंत्रणाच मोडली, हे आज दिव्यांच्या जोडीवरून आणि लुकलुकण्यावरून ओळखावं लागतं. मीटरमध्ये आता छोटा पडदा असतोच. त्यावर “फोर-एल: ईएसपी बंद, हे अपेक्षित आहे” असं एक वाक्य दाखवायला काय हरकत आहे? ते मराठीतही दाखवता येईल. डिलिव्हरीच्या दिवशी हार, पेढे नि फोटो होतात. त्यातली दहा मिनिटं या दिव्यांना द्यावीत.

तोवर ज्याने त्याने आपलं बघावं. पावसाआधी मोकळं, ओलं मैदान गाठा. टू-एचमधून फोर-एच, फोर-एच ते फोर-एल आणि परत, असं सगळं करून बघा. प्रत्येक वेळी मीटरवर काय लागतं, काय लुकलुकतं आणि किती वेळ, ते मोबाइलवर चित्रित करून ठेवा. पुढे बिघाड झाल्यावर मेकॅनिकला दाखवायला तुमच्या गाडीचं निरोगी रूप हाताशी राहील. आणि लाल दिवा लागला तर शंका-समाधान करत बसू नका. गाडी बाजूला घ्या, हँडब्रेक अर्धवट लागलेला नाही ना ते बघा, ब्रेक ऑइलची पातळी तपासा, आणि दिवा तरीही गेला नाही तर गाडी टो करूनच न्या.